शिडाचा डोंगा आणि जवायाचा तांदूळ

डोलकाठी मी एसटीच्या टपावर विसरलो. भंडाऱ्याच्या बांबूवाल्याकडून निवडून घेतलेला, बारा हात लांब, सरळसोट बांबू. कंडक्टरशी हुज्जत घालून तो टपावर चढवला, दोराने आवळला, आणि अड्याळ आल्यावर पेरूंची पिशवी तेवढी हातात घेऊन निवांत खाली उतरलो. गाडी धूळ उडवत पवनीच्या वाटेला लागली तेव्हा आठवण झाली. छत्री विसरणारे मी पाहिले आहेत, चष्मा विसरणारे पाहिले आहेत. बारा हातांची वस्तू विसरणारा अड्याळात मीच पहिला असेन. नशीब एवढंच की ती जायची पवनीलाच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्या स्टँडवर उतरलो तेव्हा कडुलिंबाला टेकून उभी होती आणि तिच्यावर कुणाचं तरी धोतर वाळत होतं.

अड्याळच्या बाजारात तांदळाचं दुकान चालवणाऱ्या, सेहेचाळीस वर्षांच्या, पोट सुटलेल्या माणसाला डोलकाठी कशाला लागावी? तर ती माझ्या साळ्यासाठी होती. म्हणजे माझ्या बायकोचे, सुमित्राचे, थोरले भाऊ सीतारामदादा. वरठीच्या स्टेशनवर ते पॉइंट्समन होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या या रुळावरून त्या रुळावर घातल्या. वहिनी दोन पावसाळ्यांपूर्वी तापाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. ऐंशी सालाच्या पुढेमागे ते रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली.

सुमित्रा म्हणाली, आमच्याकडे या. दादा नुसते हसले. आमच्याकडे भाऊ बहिणीच्या घरी भाऊबीजेला येतो, लुगडं देतो, दोन दिवस राहतो आणि जातो. राहायला येत नाही. बहिणीच्या चुलीवरचं रोज खाणारा भाऊ हा गावाला वर्षभर पुरणारा विषय असतो.

"मंग राहानार कुठं?" मी विचारलं.

दादांनी ट्रंकेतून एक घडी पडलेला कागद काढला. कुणी प्रवासी वेटिंग रूममध्ये इंग्रजी मासिक टाकून गेला होता, त्यातलं पान. एक गोरा म्हातारा शिडाच्या नावेत बसला आहे, शेगडीवर किटली आहे, दोरीवर बनियन वाळतं आहे, मागे नुसतं पाणी. खाली काय छापलं होतं ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

"पान्यावर राहाचं, जवाईबापू," दादा म्हणाले. "कोनाच्या दारात नाही, कोनाच्या अंगनात नाही. हवा आली तं चालाचं, नाही आली तं बसाचं."

दादांना पोहता येत नव्हतं.

त्या दिवशी सुमित्राने मला चुलीपाशी बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, "अवो, तो राहाले नाही चालला. मले भेव लागते. वहिनी गेल्यापासून तो धड जेवला नाही. तुमी संग जा. अन् त्याले घेऊन या. दुसरं काई नाही मांगत मी."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. धान कापणीला आलेलं, माझ्या धंद्याचा खरा हंगाम. तरी मी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि निघालो.

पवनीचा घाट

डोंगा घाटावर तयारच होता. आमच्याकडे डोंगा म्हणजे एकाच खोडाचा कोरलेला, आणि हा तर फळ्यांचा. पण वैनगंगेवर तरंगेल त्याला लोक डोंगाच म्हणतात. तो बनवला होता बैलांच्या बंड्या आणि रेंग्या बनवणाऱ्या सुताराने. त्यामुळे त्याचा आकार असा होता की चाकं लावली असती तर बैलांनी तक्रार केली नसती.

घाटावर फागूजी नावाचे म्हातारे ढिवर होते. उभा जन्म त्या नदीत जाळं टाकण्यात गेलेला. दादांनी त्यांना बोलावलं होतं ते वल्हं मारायला शिकवण्यासाठी. फागूजींनी डोंग्याला एक फेरी मारली, एका फळीवर बोटाने टकटक केलं आणि मला विचारलं, "बंडी पान्यात लोटनार का जी?"

पुढचे तीन दिवस आम्ही त्या बंडीचं घर केलं. चित्र एका काठीला टाचून ठेवलं होतं. त्यात होतं ते सगळं हवं, हा दादांचा हट्ट. किटली आली. पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यावर शेगडी बसवली. फळ्यांच्या फटींना दादांनी डांबर फासलं. कंदिलाला आकडा ठोकला. उन्हासाठी बांबूच्या कमच्यांवर चटई वाकवून झोपण्यापुरतं छप्पर केलं. शीड मांजरपाटाचं होतं. ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळलं, जाळी टिकावीत म्हणून ढिवर करतात तसं. त्याला सुकलेल्या रक्तासारखा रंग आला. अड्याळच्या शिंप्याने ते शिवताना मला गंभीरपणे विचारलं होतं, "गळा कुठं ठेवू?" नांगर म्हणून दादांनी वहिनींच्या जात्याची वरची तळी आणली होती. मधे भोक असतंच, त्यातून अंबाडीचा दोर ओवला. बनियन वाळत घालायची दोरीसुद्धा बांधली. दादांकडे बनियन एकच होतं आणि ते अंगात होतं, म्हणून पहिल्या दिवशी माझं वाळत घातलं.

फागूजी लांब बसून जाळं विणत हे पाहत होते. तिसऱ्या दिवशी उठून आले.

"वरचं झालं तुमचं. खालचं काय?"

"खालचं म्हंजे?"

"शीड लावलं का हवा वरून ढकलते. खाली वजन नसन तं डोंगा कूस बदलते. गोटे भरा जी. नदीचे गोटे. भिजले तं भिजले."

आम्ही तिघांनी चित्राकडे पाहिलं. पाण्याखालचं त्यात काहीच दिसत नव्हतं.

दादा आणि फागूजींनी दुपारभर गोटे वेचले, डोंग्याच्या बुडाशी नीट रचले. आणि तेवढ्यात घाटावर माझी बंडी येऊन थांबली. तिच्यात सहा पोती जुना तांदूळ होता, माझ्या दुकानातला.

हे मी मनाशी ठरवूनच निघालो होतो. साळा घर करतो आहे, जवायाने रिकाम्या हाताने कसं जावं? आणि गोट्यांची गोष्ट ऐकल्यावर तर मला माझ्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं. मी म्हटलं, "दादा, गोट्यावर कोन झोपते? पोती ठेवा खाली. वजनाचं वजन, खायाले वर्सभर तांदूळ. वरून फळ्या ठोकल्या का बिछाना झाला."

फागूजी हातातला गोटा तसाच धरून उभे राहिले. "तांदूळ? डोंग्याच्या बुडाले?"

"का जी?"

"मी का सांगू? तुमी तांदळाचे व्यापारी."

दादांना ते पटलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आमच्या भागात जवायाचा शब्द खाली पडू देत नाहीत. जवायाने कारलं गोड म्हटलं तर सासुरवाडी दुसऱ्यांदा वाढून घेते. दादांनी कमरेत वाकून सगळे गोटे एकेक करून नदीत परत टाकले. साठीच्या माणसाने, माझ्या मानासाठी. मी घाटाच्या पायरीवर बसून पेरू खात होतो.

सहा पोती बुडाशी घट्ट बसली. सुताराने वरून फळ्या ठोकल्या, एक उंदीरही शिरणार नाही अशा. ढिवरांची रीत अशी की नव्या डोंग्यात पहिलं पाऊल घरच्या बाईचं पडावं. आमच्यात बाई नव्हती. फागूजींची बायको आली, डोंग्याच्या नाकाला हळदकुंकू लावलं, पाऊल टाकलं, आणि फळ्यांखाली काय आहे ते समजल्यावर तोंडाला पदर लावून म्हणाली, "आमी पान्यातून काढून खातो, बाप्पा. तुमी खायाचं पान्यात नेऊन ठेवता!"

तिने रात्रीसाठी झिंग्यांचा रस्सा दिला. असा रस्सा मी पुन्हा खाल्ला नाही. आमच्या घरी झिंगे म्हणजे वाळलेले, चटणीतले. ताजा झिंगा किती गोड असतो हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी, नदीपासून चार कोसांवर जन्म काढून, समजलं.

पहिला दिवस

निघालो खालच्या अंगाला, दक्षिणेकडे. हवा मागून, हलकी. शीड उभं करताना मी चुकीचा दोर ओढला आणि ते आम्हा दोघांवर पडलं. लुगड्यात अडकलेल्या मांजरांसारखे आम्ही आत धडपडत होतो आणि काठावर धान कापणाऱ्या बाया विळे टाकून हसत होत्या. एकीने विचारलं, "कोनता खेळ हाय जी? तिकीट लागते का?"

दुसऱ्या वेळी शीड भरलं. आवाज न करता काठ मागे सरकू लागला. ज्याने कधी अनुभवलं नसेल त्याला कसं सांगावं? बंडी चालते तेव्हा बैल दिसतो, गाडी चालते तेव्हा इंजिन ऐकू येतं. इथे ओढणारं कुणीच नव्हतं. धानाचे पिवळे बांध, पळसाची रांग, पाण्यात उभी असलेली म्हशींची डोकी, सगळं आपणहून मागे जात होतं.

दादा सुकाणूवर होते. संध्याकाळी वाळूच्या दांडाला लागलो, जात्याची तळी टाकली, भात शिजवला. दादा तीनदा भात मागून जेवले. मी मोजत होतो. बायकोला सांगायचं होतं.

डोंग्यात थोडं पाणी आलं होतं. नवा डोंगा पितोच थोडं, असं फागूजींनी सांगितलं होतं. मी गडव्याने उपसून टाकलं.

दुसरा दिवस

पाचला दादा उठले. पॅसेंजरची वेळ, सवय सुटलेली नव्हती. उजाडता उजाडता किटली चढवून त्यांनी मला हाक मारली. "जवाईबापू, सूर्य पाहा. वरठीले हा मालगाडीच्या मागून निंघे. पुरा कदी दिसलाच नाही."

चहा पिता पिता ते वहिनींविषयी बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा. वहिनींना रेल्वेत बसायची भीती वाटायची. रेल्वेवाल्याची बायको, पण नागपूरलाही एसटीने जायची. ते हसत होते. मलाही हसू आलं, आणि मी हात टेकून मागे रेललो तो एका खिळ्यावर.

झोपण्याच्या फळ्यांचा खिळा बोटभर वर आला होता. पलीकडचाही. मधली फळी नीट पाहिली तर कासवाच्या पाठीसारखी वर आली होती. मी वाकून फटीतून बोट घातलं. पोतं लागलं. ते टणक होतं, ढोलकीसारखं ताणलेलं, आणि ओलं. बोट बाहेर काढून वास घेतला. भिजल्या तांदळाचा तो वास. वीस वर्षं तांदूळ विकला आहे मी. पावसाळ्यात एक कोपरा गळला आणि एक पोतं भिजलं तर शेजारची थप्पी ढकलून ते कसं उलतं, हे मी दुकानात दोनदा पाहिलं आहे. ही पोती तर खाली बूड, वर फळ्या, दोन्ही बाजूंना डोंग्याच्या कडा, अशी कोंडलेली. त्यांना फुगायला एकच वाट होती, डोंगा उलवण्याची.

दादांनीही खिळे पाहिले. म्हणाले, "लाकूड पानी पिऊन राहिलं. फुगलं का भोकं बुजतीन. बरं हाय."

तिथे मी बोलायला हवं होतं. फळ्या उपटा, पोती काठावर टाका, गोटे भरा. अर्ध्या दिवसाचं काम. वाळूचा दांड समोर होता.

मी म्हटलं, "हो. बुजतीन."

का म्हटलं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मनात मी असा विचार केला: नदी या दिवसांत जागोजागी गुडघाभर. डोंगा कुरकुरेल, गळेल, कुठेतरी वाळूवर बसेल. आम्ही धोतर वर खोचून उतरू, बंडी करू, अड्याळला जाऊ. दादा चार दिवस खट्टू होतील. मग सुमित्रा चुलीवर भाकर टाकेल आणि ते ओसरीवर बसतील. डोंगा राहण्याजोगा आहे असं ठरलं असतं तर मला एकट्याला परत जावं लागलं असतं. बायकोने एकच गोष्ट मागितली होती.

दिवसभर मी गडव्याने पाणी उपसत राहिलो आणि दादा शीड सांभाळत राहिले. दुपारी त्यांनी एका काठावर कांदे विकणाऱ्या म्हातारीशी गप्पा मारल्या. तिने विचारलं, "घर कोनतं तुमचं?" दादांनी डोंग्याकडे हात केला. म्हातारी म्हणाली, "मंग खिडकी काहून नाही?" दादा म्हणाले, "चारी बाजूनं खिडकीच हाय, माय." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी मला संध्याकाळपर्यंत चार वेळा सांगितलं.

तिसरा दिवस

नदी माझ्या विचाराप्रमाणे वागली नाही. सकाळी दोन तास वाळू, आणि मग दोन्ही काठ उंच झाले, पाणी काळं झालं. डोह होता. किती खोल ते विचारायला जवळ कुणी नव्हतं. आणि तिथेच हवा वाढली. आतापर्यंत बायकोसारखी मागून हळूहळू ढकलणारी हवा एकदम आडवी आली. शीड फुगलं, डोंगा एका कुशीवर कलला.

"शीड सोडा!" मी ओरडलो. दोर सुटेना. डोलकाठीला जोर आला, तो जोर बुडाला गेला, आणि बुडाशी सहा पोती आधीच आतून दाबत होती. आवाज फार मोठा झाला नाही. जुनं कापड फाडावं तसा. उजव्या अंगाची एक फळी लांबच्या लांब उघडली.

दादा फळ्यांवरून पुढे यायला निघाले आणि मधली फळी उखडली. त्यांचा पाय पोत्यांच्या मधे गेला. पाणी आलं. पोती सरकली.

तांदूळ भरलेला डोंगा तरंगत नाही. तो बसतो. मी पोहत होतो, गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, शिकलेलं कुत्र्याचं पोहणं, आणि दादांचं डोकं पाण्यावर नव्हतं. मी खाली गेलो. डोळ्यांसमोर पांढरा ढग होता, फुटलेल्या पोत्यांतला तांदूळ. त्यात हात चाचपत मला दादांचा सदरा सापडला. ओढला. येईना. पुन्हा ओढला. पाय अडकलेलाच होता. वर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा गेलो. किती वेळा ते मला सांगता येत नाही. शेवटी मी त्या पोत्यालाच लाथा मारल्या, ते फाटलं, तांदूळ बाहेर पडला आणि पाय मोकळा झाला. मोकळा होताना काय झालं ते पाण्याखालीही हाताला समजलं.

लांब वळणावरच्या दोन ढिवरांनी पाहिलं होतं. त्यांनी डोंगा घालून आम्हाला काढलं. दादांना पालथं केलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने ते खोकले. नडगीचं हाड कातडीबाहेर दिसत होतं.

बंडी येईपर्यंत ते वाळूवर पडून होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "माझंच चुकलं, जवाईबापू. उजव्या अंगाले डांबर कमी पडलं होतं. मले तवाच वाटलं होतं."

मी खरं सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत ही दुसरी वेळ.

थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले. "नदीनं नाही म्हटलं. जाऊ द्या."

अड्याळ

भंडाऱ्याच्या दवाखान्यात दीड महिना गेला. पाय राहिला, पण गुडघ्याखाली वाकडा, आणि काठीशिवाय उभं राहणं संपलं. दवाखान्यातून त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्नच आला नाही. पायरी चढताना ते बहिणीला म्हणाले, "चार महिने." पुढे सात वर्षं ते आमच्या ओसरीवर बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला डोंग्याची गोष्ट सांगायचे, शीड अंगावर पडलं ते, बाया हसल्या ते, खिडकीचं. लोक हसायचे. गोष्ट संपवताना दर वेळी डांबर कमी पडलं होतं म्हणायचे, आणि मी आत जाऊन काहीतरी शोधायला लागायचो. मागच्या वर्षी ते गेले, म्हणून हे लिहायला घेतलं.

ते आमच्याकडे आल्यावर आठवड्याभरातली गोष्ट. सुमित्रा आत तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. खिळे, वास, मी "बुजतीन" म्हटलं ते. तिचे हात चालत राहिले. मग थांबले.

"मी दादाले घेऊन या म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्याचं घर बुडवा असं नोयतं म्हटलं."

मी म्हटलं, आत्ता जातो, दादांचे पाय धरतो, सांगून टाकतो.

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"काई सांगू नका. सांगून तुमचं मन हलकं होईन, त्याचं काय? त्याले आता उठून कुठं जाता येत नाही. दोन्ही वक्त तुमच्याच बाजूले जेवाले बसाचं हाय त्याले."